लिंबाला पाला भरपूर पण फळ नाही, मोसंबीला आंबट नारिंगी फळं, आणि उन्हाळ्यात कोथिंबीर (बार्शी)

अंगणवेल (बार्शी):

नमस्कार मंडळी. घरामागे साधारण पंचवीस बाय पंधरा फुटांचं परस आहे. वर फूटभर काळी माती, खाली पांढरट मुरूम. पाणी बोअरचं आणि ते इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, डाळ शिजवायला नळाचंच पाणी लागतं.

लिंबाचं झाड सासूबाईंनी घर बांधलं त्या साली लावलं. आता ते गच्चीच्या कठड्याला टेकलंय. भांड्यांचं धुवण आणि वर एक बादली पाणी रोज सकाळी त्याच्या बुंध्याशी पडतं, बारा महिने. पाला भरगच्च आहे, काटे तर विचारू नका, पण लिंबं म्हणाल तर वाटीभर. थोडी फुलं येतात ती गळून जातात. शिवाय यंदा नवी पालवी पिवळी पडलीय. पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्यागार, कुणी पेनाने रेघा ओढाव्यात तशा. सासूबाई म्हणतात पाणी वाढव. शेजारच्या मावशी म्हणतात ताक घाल. एकांनी खोडात लोखंडी खिळा ठोकायला सांगितलंय, तो अजून ठोकलेला नाही.

दुसरं झाड मोसंबीचं. नर्सरीतून कलम म्हणून आणलं होतं. यंदा पहिल्यांदा धरलं, तर फळं लहान, नारिंगी, साल संत्र्यासारखी सैल आणि चव अशी की डोळे मिटावेत. ही कुठली मोसंबी? फसवलं का आम्हाला?

आणि शेवटचं, एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर काही केल्या येत नाही. टोमॅटोची झाडं उभी आहेत पण फूल टिकत नाही. सध्या पारा ४२ वर आहे. मुलीला घरची भाजी खायची भारी हौस आहे, तिच्यासाठी तरी काहीतरी उगवायला हवं. जाणकारांनी सांगावं.

सुपारीबाग (गुहागर):

ताई, आमच्याकडे ईडलिंबू, कागदी लिंबू दोन्ही आहेत. पावसाळा संपला की चुलीतली राख आणि थोडा विरी गेलेला चुना आळ्यात मिसळतो. पानाला तजेला येतो. खर्चही नाही. ताक आम्ही कधी घातलं नाही. खिळा मात्र नका ठोकू, झाडाला कशाला इजा?

आमचा मुख्य त्रास खैऱ्याचा. पावसाची झड लागली की पानांवर, फळांवर खरबरीत ठिपके येतात. रोगट फांद्या पावसाआधीच छाटून जाळतो आणि एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारतो. तुमच्याकडे कोरडी हवा, तो त्रास कमी असेल.

लिंबोणी (श्रीगोंदा):

अंगणवेल ताई, आमची लिंबाची बाग आहे. वडिलांनी लावली, पुढे मी सांभाळली, आता मुलगा बघतो. तुम्ही लिहिलेलं वाचून झाड डोळ्यांपुढे उभं राहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी राखेचं. गुहागरच्या दादांचं त्यांच्या जागी अगदी बरोबर आहे. तिकडे जांभ्याची लाल माती आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. एवढ्या पावसात मातीतला चुना धुऊन निघतो, माती आंबट होते. तिथे राख-चुना मानवतो. तुमच्या बार्शीत नेमकं उलटं. तो खालचा पांढरट मुरूम म्हणजे बहुधा चुनखडीच. खात्री करायला मूठभर कोरडी माती, त्यात थोडा तो मुरूम, बशीत घ्या आणि वरून लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं की समजा चुनखडी आहे. तसं निघालं तर राख, चुना, अंड्याची टरफलं यातलं काहीही त्या मातीत घालू नका. आधीच जास्त आहे.

पान पिवळं आणि शीर हिरवी, तेही नव्या पालवीवर, ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुनखडीत ते अडकून पडतं, मुळांना उचलता येत नाही. त्यात मुळं कायम ओली राहिली की आणखी बिघडतं. खिळ्यातलं लोखंड पानापर्यंत जात नाही, जखम मात्र होते आणि जखम झालेल्या खोडाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लवकर धरतो. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, आणा. आणताना ‘ईडीडीएचए’ लिहिलेलंच मागा, कारण साधं ईडीटीएचं लोह चुनखडीत टिकत नाही. प्रमाण पुडीवर असतं, तेवढंच आळ्यात द्या, वर हलकं पाणी. पालवीची पानं पिवळी असून शिवाय लहान, अरुंद आणि शेंड्याला झुपक्याने येत असतील तर जस्तही कमी आहे. त्याला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि पान भाजू नये म्हणून २५ ग्रॅम विरी गेलेला चुना, गाळून, संध्याकाळी फवारायचं. फवाऱ्यातला एवढा चुना चालतो, मातीतला नको.

आता फुलांचं. लिंबाला फूल येण्याआधी विश्रांती लागते. आमच्या भाषेत ताण. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, फांदीत अन्न साठतं आणि पुन्हा पाणी मिळालं की ते फुलावर खर्च होतं. तुमच्या झाडाला रोज बादली मिळते, त्याला थांबायला कुणी सांगितलंच नाही. म्हणून ते नुसता पाला काढत राहिलं. झाड ठणठणीत आहे हो, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

कागदी लिंबाला तीन बहार येतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. हस्ताची लिंबं ऐन उन्हाळ्यात निघतात, भाव त्यालाच असतो, म्हणून बागायतदार त्याच्यामागे असतो. पण त्याचा ताण भर पावसाळ्यात बसवावा लागतो आणि तुमच्या सोलापूर जिल्ह्यात तर सप्टेंबरातच पाऊस जोरात येतो. घरच्या झाडाला त्या भानगडीत पडू नका. आंबे बहार धरा, निसर्गतः झाड त्यालाच जास्त फुलतं.

त्यासाठी डिसेंबर उजाडला की पाणी पूर्ण बंद करा. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो, भारी काळ्या जमिनीला दीड-दोन महिने लागतात. दिवस मोजण्यापेक्षा झाड बघा. दुपारी पानं मलूल होतात, कडा आत वळतात, मग हिरवेपणा फिका पडतो आणि जुनी पानं गळायला लागतात. साधारण चौथाई पाला गळाला की थांबा, त्याच्या पुढे ताणू नका. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर झाड वाळलं म्हणून त्या मायेने रात्रीतून बादली ओततील. ताण तोडताना, म्हणजे पाणी पुन्हा सुरू करताना, वरवर हलकी खुरपणी करून घेर आहे तिथपर्यंत दोन टोपल्या कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन किलो निंबोळी पेंड मिसळायची. पहिलं पाणी हलकं, चार-सहा दिवसांनी दुसरं जरा जास्त, मग तिसऱ्याला भरपूर. एकदम भरपूर दिलं तर फुलाऐवजी पालवीच सुटते. फूल आल्यावर मात्र पाण्यात खंड नको, नाहीतर ज्वारीच्या दाण्याएवढी झालेली फळं सडा पडल्यासारखी गळतात.

हे सगळं डिसेंबरात. आत्ता ४२ डिग्रीत ताण देऊ नका. मृग बहारासाठी मे महिन्यात ताण देणारे आहेत, पण तुमच्या झाडाची पालवी आधीच पिवळी आहे, त्याला या वर्षी उन्हाळा सुखाने काढू द्या.

आत्ता लगेच करायचं ते पाण्याची जागा बदलणं. भांड्यांचं धुवण पहिलं बंद करा, त्यातल्या साबणाने माती दगडासारखी होते. आणि बुंध्याशी पाणी तर कधीच नको. अन्न घेणारी बारीक मुळं बुंध्याजवळ नसतात, दुपारी बाराला सावली जिथपर्यंत पडते त्या कडेला असतात. खोडाभोवती दीड-दोन फुटांवर मातीचा एक गोल वरंबा घाला, आत पाणी शिरू नये म्हणून. दुसरा वरंबा सावलीच्या कडेपाशी. पाणी या दोन वरंब्यांच्या मधल्या पट्ट्यात. याला दुहेरी आळं म्हणतात. खोड कोरडं राहिलं की डिंक्याची भीती निम्मी जाते. या उन्हात आठवड्यातून दोनदा, पण मुरेल असं द्या, रोज शिंपडू नका. वरून उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरा. तुमच्याकडे पाचटाला काय तोटा?

मोसंबीच्या फळाचं सांगतो, पण त्याआधी एक बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला कलमाचा सांधा दिसेल, गाठ किंवा वाकण. आत्ता जी फांदी फळतेय ती त्या सांध्याच्या वरून निघालीय का खालून? ते कळवा.

कढीपत्ता (छत्रपती संभाजीनगर):

काकांनी लिंबाचं एवढं छान सांगितलं आहे की मी फक्त हिरव्या मसाल्यावर बोलते. आमची गच्ची आहे, ऊन तुमच्यासारखंच.

अंगणवेल ताई, धने गरम मातीत रुजतच नाहीत आणि रुजले तर वीतभर होण्याआधी फुलावर जातात. कोथिंबीर थंडीची, तिला उन्हाळ्यात फसवावं लागतं. धने चपलेखाली हलके रगडून दोन डाळ्या वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यात पुरचुंडी बांधून माठाच्या तिवईखाली ठेवा, तिथे गारवा असतो. कोंब डोकावला की पेरा, खोलगट टबात, कुंडीत नको, कुंडीच्या कडा तापतात. वर ओलं गोणपाट, उगवण दिसेपर्यंत. मग ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी आणि जागा पूर्वेची, जिथे दहा-अकरानंतर ऊन येत नाही. तरी जुडी मोठी होणार नाही. चार बोटांची झाली की कापून घ्या, वाट बघू नका. दर आठवड्याला थोडं पेरत राहिलं तर आमटीवर टाकण्यापुरती मिळते.

उन्हाळ्याला आनंदाने तोंड देणारं हवं असेल तर ओव्याचं पान, गवती चहा आणि पुदिना. पुदिना भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाड काड्यांपासून होतो, सावलीत आणि ओलाव्यात. जमिनीत लावाल तर परसभर पसरेल, म्हणून टबातच ठेवा.

कढीपत्ता लिंबाच्या शेजारी आहे का तुमच्याकडे? असेल तर पानं उलटीपालटी करून बघत जा. दोघं एकाच कुळातली, त्यामुळे लिंबावरचं फुलपाखरू कढीपत्त्यावरही अंडी घालतं. लहान अळी हुबेहूब चिमणीची विष्ठा पडल्यासारखी दिसते, तपकिरी-काळी आणि मध्ये पांढरा पट्टा. म्हणून लक्षातच येत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढते, उग्र वासाची. लहान झाडाची पालवी ती दोन दिवसांत संपवते. मी हाताने वेचते, घरच्या पानाला विषारी फवारा नको. मुलीला दाखवा, एक अळी डब्यात लिंबाची पानं घालून वाढवली तर फुलपाखरू निघताना बघायला मिळेल तिला. माझी भाची तासन्‌तास त्या डब्यासमोर बसायची.

पाण्याबद्दल एक. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका. दोन्हींत क्षार आणखी दाट झालेले असतात. एसीच्या नळीतून गळणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. कुंड्यांना मी तेच घालते.

अंगणवेल (बार्शी):

काका, बशीत लिंबू पिळलं. काळी माती थोडीच कुरकुरली, पण मुरूम सोडा ओतल्यासारखा फसफसला! मुलगी अजून घरातली प्रत्येक कुंडी तपासत फिरतेय. धुवण बंद केलंय, दोन्ही वरंबे घातले, पाचट उद्या येतंय. सासूबाईंना ताणाचं सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या आमच्या माहेरी मळ्यात असंच करायचे, घरच्या झाडाला कधी सुचलं नाही.

मोसंबीचा सांधा सापडला. वरचा भाग म्हणजे वाळून गेलेलं थोटूक आहे, आणि आत्ताचं सगळं झाड सांध्याच्या खालून निघालंय. म्हणजे काय झालं?

कढीपत्ता ताई, आहे, अगदी शेजारी! आणि पांढऱ्या पट्ट्याची अळीपण सापडली. डबा तयार आहे.

आता एक अडचण. डिसेंबरात लिंबाचं पाणी तोडायचं म्हणता, पण मेथी-पालकाचा वाफा लिंबाच्या सावलीलगतच आहे आणि थंडीत त्याला तर दोन-तीन दिवसांआड पाणी लागतं. आणि टोमॅटोचं राहिलंच.

सुपारीबाग (गुहागर):

फसफसण्याचं वाचून मीही आमच्या मातीवर लिंबू पिळून बघितलं. काहीच झालं नाही, ढिम्म. इतकी वर्षं राख का मानवते ते आज कळलं. काका, धन्यवाद.

लिंबोणी (श्रीगोंदा):

ताई, नर्सरीवाल्याला दोष देऊ नका. मोसंबी तुम्हाला मोसंबीच मिळाली होती. मोसंबीचा डोळा (फांदीवरचा अंकुर) दुसऱ्या जातीच्या रोपावर भरतात, त्या खालच्या रोपाला खुंट म्हणतात. आपल्याकडे खुंट रंगपूर लिंबाचा नाहीतर जंबेरीचा. खुंटाला सांध्याखालून फूट येत राहते, ती जोमदार असते, वेळच्या वेळी काढली नाही तर वरच्या कलमाचं अन्न तीच खाते आणि कलम वाळतं. नारिंगी, सैल सालीचं, कडक आंबट फळ म्हणजे रंगपूर. जंबेरी असतं तर पिवळं आणि खडबडीत सालीचं आलं असतं.

झाड उपटू नका. रंगपूर चुनखडीत आणि कोरड्यात तग धरतं, म्हणून तर खुंटाला वापरतात. त्या आंबट फळांचं लोणचं आणि सरबत उत्तम होतं. मोसंबीच हवी असेल तर थंडीत जवळच्या रोपवाटिकेतला कलमं बांधणारा माणूस बोलवा आणि त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फुटव्यांवर मोसंबीचे डोळे भरून घ्या. मुळं तयार आहेत, नव्या रोपापेक्षा लवकर फळाला येईल. डोळा फुटला की मात्र या नव्या सांध्याखालची प्रत्येक फूट कोवळी असतानाच अंगठ्याने मोडायची. सासूबाईंना ते काम द्या, त्यांचा हात रोज झाडाला लागतोच.

टोमॅटोला रात्र गार लागते. दिवसा पस्तिशीच्या पुढे आणि रात्री पंचविशीच्या पुढे पारा राहिला की परागच निकामी होतात, मग फूल गळतंच. खतपाण्याने ते थांबत नाही. ती झाडं काढा आणि त्या जागेत तांदुळजा आणि चवळी पेरा. तांदुळजा तीन-चार आठवड्यांत कापणीला येतो, चवळीला ऊन सोसतं आणि तिच्या मुळांवरच्या गाठी मातीला नत्र देऊन जातात. अंबाडी पेरा, दोन तोंडलीच्या काड्या कुंपणाला लावा. दोडका-कारल्याचं बी मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या बेताने. टोमॅटोची रोपं ऑगस्टात टाका, थंडीत पोटभर खा. भेंडी लावाल तर परभणी क्रांती घ्या, चवीला चांगली आणि हळद्याला (शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला) बऱ्यापैकी दाद देत नाही. तरीही एखाद्या झाडाच्या शिरा पिवळ्या पडल्याच तर ते लगेच उपटा, पांढरी माशी तो रोग शेजारी नेते.

वाफ्याचा प्रश्न तुम्ही बरोबर हेरलात. लिंबाची मुळं सावलीच्याही पुढे जातात. वाफ्याला पाणी दिलं की ती तिथूनच पितील आणि ताण बसणार नाही. मेथी-पालक यंदा मोसंबीच्या पलीकडे न्या, भिंतीच्या बाजूला. तेवढी जागा नसेल तर वाफ्याच्या मध्यावर बिनरंगाचा कच्चा माठ गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकणी ठेवा. ते झिरपतं हातभर घेरात, वाफा ओला आणि त्यापलीकडची माती कोरडी राहते. जड पाण्याने माठाची छिद्रं बुजतात, त्यामुळे त्यात नळाचं पाणी भरा, नाहीतर दर हंगामाला माठ नवा घ्यावा लागेल.